दगडातला मोर सांगलीलाही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेच्या रेल्वे स्थानकांच्या नूतनीकरणाच्या बातम्या वाचतो. सरकते जिने हवेत, लिफ्ट तर हवीच. माझे गुडघे साक्षीला आहेत. पण बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यामुळे माझी नजर आधी भिंतींकडे जाते.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो. कुणाचं मंत्रालयात काम, कुणाचा पेशंट टाटात; वर बघायला सवड कुणाला? मीही वर्षानुवर्षं तसाच बाहेर पडायचो. एकदा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांना मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय दाखवायला नेलं, तेव्हा एक मुलगी स्टेशनावरच मागे राहिली. रागवायला वळलो, तर ती खिडकीवरच्या कमानीतला दगडी मोर वहीत उतरवत होती. म्हणाली, “सर, पिसारा बरोब्बर कमानीच्या मापाचा आहे.” इतक्या वर्षांत मला तो मोरच दिसला नव्हता!

पुढे या टर्मिनसबद्दल वाचत गेलो. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, त्यांचे साहाय्यक अभियंते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. काम १८७८ ला सुरू झालं, १८८८ ला संपलं. खर्च सोळा लाख चौदा हजार. मधला अष्टकोनी घुमट तर खाली आधाराचा सांगाडा न उभारता, खाचेत खाच बसवलेल्या दगडी फासळ्यांवर चढवलेला. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. छताचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला जनावरांची तोंडं आहेत, आपल्या देवळांच्या मकरमुखाची विलायती भावंडंच म्हणा. २००४ मध्ये ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

मला मात्र सगळ्यात भावलं ते वेगळंच. इथलं बरंचसं नक्षीकाम जे.जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. म्हणून तर गॉथिक, म्हणजे जुन्या युरोपीय शैलीच्या, कमानींत आपली माकडं, मोर आणि पानंफुलं येऊन बसली.

आपल्याकडे रंगरंगोटी झाली की भिंतीवर छापील चित्रं चिकटवतात, दोन उन्हाळ्यांत ती पांढरी पडतात. त्याऐवजी एक भिंत, एकच, इथल्या कला महाविद्यालयांतल्या मुलांना द्यावी. काळ्या दगडात हळदीचं पान, द्राक्षाचा घड, मिरजेचा तंबोरा कोरू द्यावा. हळदीचं पान सोपं, लांबट आणि सरळ शिरांचं. घड अवघड, मण्यामागचा मणी दाखवायला छिन्नी फार जपून चालवावी लागते. चुकली एखादी मुलाकडून तर चुकू दे, दगडाला घाई नसते.

रेल्वेने मनावर घेतलं, तर मुलांची स्केचेस तपासायला मी फुकट येईन. सकाळी दहानंतर कधीही, फक्त बसायला एक खुर्ची लागेल.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
विश्रामबाग, सांगली