चार शब्दांत पंचवीस वर्षं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमचे माजी नगरसेवक गेले, ती बातमी आपल्या अंकात वाचली. 'काही काळ प्रभारी महापौर' या चार शब्दांत त्यांची पंचवीस वर्षं आटोपली. नाव लिहीत नाही, वॉर्डातल्यांना कळेलच.

महापौरांनी राजीनामा दिला आणि नव्या निवडीपर्यंत उपमहापौर म्हणून कारभार यांच्याकडे आला, जेमतेम पाच आठवडे. तसा महापौर तरी शहराचा मालक कुठे असतो? १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने कारभाराची दोरी आयुक्तांच्या हाती दिली आहे. महापौरांनी सर्वसाधारण सभा चालवायची. यांच्या वाट्याला तीही एकच आली. मी त्या दिवशी प्रेक्षक गॅलरीत होतो. ऐनवेळचे विषय गोंधळात 'मंजूर, मंजूर' म्हणत उरकायची तेव्हाची रीत. यांनी चष्मा पुसला आणि नगरसचिवांना म्हणाले, "पहिल्यापासून वाचा. सावकाश." सभा रात्री नऊपर्यंत चालली. स्वपक्षाचेच लोक घड्याळाकडे बघत चरफडत होते. पुढे महापौरपदासाठी यांचं नाव काही निघालं नाही. आरक्षण आडवं आलं म्हणे!

ते संत नव्हते. गुंठेवारीतल्या, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे घेऊन विनापरवाना बांधलेल्या घरांना त्यांनीच नळ मिळवून दिले आणि पुढे तीच घरं रस्त्याच्या आड आली, तेव्हा मतांकडे बघून गप्पही तेच बसले. यावरून माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं.

पण खरा माणूस कळला तो पद गेल्यावर. छत्रपती संभाजीनगरच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, परभणी, लातूर, नांदेडची २०२२ मध्ये. तिथून जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत सगळीकडे प्रशासक. म्हणजे अख्खी शहरंच प्रभारीवर. त्या काळात जन्मदाखल्यातली चूक असो की तुंबलेलं गटार, लोक यांच्याच ओट्यावर. सही चालत नव्हती, शिक्का तर कधीच जमा केलेला. तरी एका जुन्या शाळकरी वहीत लाईनमनपासून वसुली लिपिकापर्यंत सगळ्यांचे नंबर पेन्सिलीने लिहिलेले असायचे. बदली झाली की खोडून नवा.

जमल्यास आपल्या वार्ताहराने त्या एका सभेचं इतिवृत्त नगरसचिव कार्यालयातून काढून वाचावं. बातमी मोठी करण्याइतका मजकूर त्यात नक्की सापडेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मराठवाडा