बापू, मसाईच्या पठारावर तुझी आठवण आली

कोल्हापूर,
२० जुलै

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

फोन केला असता तर "बरं केलास" म्हणून तू दोन मिनिटांत ठेवून दिला असतास, म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसलोय. गड्या, मी पन्हाळा ते पावनखिंड चालून आलो. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस, भर पावसात, अडुसष्टाव्या वर्षी. आम्ही तिघं होतो. आपला तालमीतला आण्णा आणि गल्लीतल्या शिक्षिका बाई. बाईंना एकाहत्तरावं लागलंय, आणि चालत होत्या त्या सगळ्यांच्या पुढं.

१२ जुलैला सकाळी पन्हाळ्याच्या राजदिंडीतून, म्हणजे गडाच्या लहान दरवाजातून, खाली उतरलो. १६६० साली महाराज ह्याच तारखेला रात्री ह्याच वाटेनं बाहेर पडले. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला, वर असाच धुवाधार पाऊस. पायथ्याच्या नेबापूरचे शिवा काशीद महाराजांचा वेष घालून दुसऱ्या पालखीत बसले. परत यायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्या उतारावर दगडाला हात टेकवत खाली येताना पोटात कालवतं बघ. शाळेत हे आपण किती वेळा ऐकलं, पण शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकतो तेव्हा ते निराळंच कळतं.

मसाईच्या पठारावर धुकं इतकं दाट, की आण्णाच्या पाठीवरची पिशवी तेवढी दिसायची. तिथं तुझी आठवण आली. १९८१ साली आपण दोघंच आलो होतो, चोवीस वर्षांचे. ह्याच पठारावर वाट चुकली. तू कमरेचा पंचा सोडलास, एक टोक माझ्या हातात दिलंस आणि दुसरं धरून पुढं चालत राहिलास. तासभर आपण एकमेकांशी बोललो नाही. मला भीती वाटत होती. तुलाही वाटत असणार, पंचा थरथरत होता. आणि पांढरेपाण्यात तू बूट काढलास तेव्हा मोजा रक्तानं भिजलेला! सकाळपासून टाच सोलवटली होती आणि तू अवाक्षर काढलं नव्हतंस. "दमलास काय?" म्हटलं की "न्हाई" हे एकच उत्तर. तेव्हा मला ते लई भारी वाटलं होतं. इतकी वर्षं मी ते पोरांना कौतुकानं सांगत आलो.

ह्या वेळी करपेवाडीच्या अलीकडं एक ओढा आडवा आला. पाणी मांडीपर्यंत, तांबडं, ओढ जबरदस्त. दोन पावलं टाकली आणि डावा गुडघा लटलटायला लागला. बापू, मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "थांबा, मला जमत न्हाई." आण्णा काही न बोलता मधोमध जाऊन पाय रोवून उभा राहिला. बाईंनी पलीकडून काठी पुढं केली. मी आण्णाचा खांदा धरला, मग काठी धरली, आणि पार झालो. पलीकडं गेल्यावर आण्णाच म्हणाला, "माझीबी छाती धडधडालती. तू बोललास ते बरं झालं." आम्ही तिथंच दगडावर बसून गुळ-शेंगदाणे खाल्ले. अर्धा तास उठलो नाही, घाई कुणालाच नव्हती. चोविसाव्या वर्षी आपल्यात हे बोलायचं धाडस नव्हतं रे.

मुक्काम वाडीतच एका घरी केला. बाहेर रोपलावण चाललेली, घरातली माणसं गुडघाभर चिखलातनं आलेली, तरी त्या माउलीनं आधी आमचे कपडे चुलीवर वाळत टाकले. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं माडगं. रात्री बाई त्यांच्या यजमानांबद्दल बोलल्या. वीस वर्षं शेजारी राहतोय, एवढं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी खिंडीत पोचलो तेव्हा पाणी दोन्ही कड्यांवरून कोसळत होतं. विशाळगडावरच्या तोफा ऐकू येईपर्यंत बाजीप्रभू जिथं उभे राहिले, तिथं आम्ही तिघं हात जोडून गप्प उभे राहिलो. तुला माहीत आहे का, ह्याच गजापूरच्या मुलखातनं कासारी निघते. प्रयाग चिखलीला ती बाकीच्या नद्यांना मिळते आणि पंचगंगा होऊन आपल्या घाटाला येते. पाठीला रिकामा डबा बांधून आपण ज्या पाण्यात पोहायला शिकलो, ते इथलं. मी ओंजळभर प्यालो, आणि एक ओंजळ तुझ्या नावानं.

आता तुझ्याबद्दल. वहिनी गेल्यापासून तू पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून असतोस, हे मला तुझा मुलगा सांगतो. "आता काय वय राहिलंय" असं तू दर वेळी म्हणतोस. ते मला पटत नाही. बायपासला दोन वर्षं झाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? मग चाल की आमच्याबरोबर. लगेच पावनखिंड म्हणत नाही मी. दिवाळीनंतर ये. पहिले चार दिवस रंकाळ्याला एक फेरी, मग गंगावेशीत धारोष्ण दूध. अंगात आलं की एके दिवशी राजदिंडीपर्यंत जाऊन परत. दम लागला की सांगायचं, आम्ही थांबू. तू नाही सांगितलंस तर मात्र मी भांडणार.

डॉक्टरांना विचारून तारीख कळव. नवे बूट घेणार असशील तर आत्ताच घे आणि पंधरा दिवस घरात घालून फीर, टाच पुन्हा सोलवटायला नको. गोळ्यांची चिठ्ठी बरोबर आण. गाडी कुठलीही असो, मी आणि आण्णा स्टेशनवर असू. वरची खोली झाडून ठेवलीय.

तुझाच,
दादू