गस्ती नौकांच्या नावांची ओळखही छापावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नौदलाच्या एखाद्या गस्ती नौकेने अरबी समुद्रात चाचे पकडले किंवा परदेशातील बंदरात अडकलेल्या भारतीयांना सोडवून आणले, की आपल्या दैनिकात तिची लांबी, वजन, वेग, तोफा आणि हेलिकॉप्टर उतरवण्याची सोय यांची माहिती आवर्जून येते. तिचे नाव मात्र नुसतेच येते. ते कोणाचे, कुठून घेतले आणि त्याचा अर्थ काय, याविषयी सहसा एक ओळही नसते. विनाशिका आणि फ्रिगेट यांच्या बाबतीत ही उणीव फारशी भासत नाही, कारण ‘दिल्ली’, ‘मुंबई’, ‘कोलकाता’ ही शहरे, ‘गोदावरी’, ‘गोमती’, ‘ब्रह्मपुत्रा’ या नद्या किंवा ‘निलगिरी’, ‘हिमगिरी’ हे पर्वत वाचकाला ठाऊक असतात. गस्ती नौकांच्या नावांचे तसे नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

१९८९ साली ‘सुकन्या’ नौदलात दाखल झाली आणि तिच्या मागोमाग ‘सुभद्रा’, ‘सुवर्णा’, ‘सावित्री’, ‘सरयू’, ‘शारदा’ आणि ‘सुजाता’ अशा एकाच वर्गातील नौका आल्या. त्यांपैकी पहिल्या तिघी दक्षिण कोरियात आणि उरलेल्या चौघी विशाखापट्टणमच्या गोदीत बांधल्या गेल्या. नावांचा क्रम वरवर पाहता स्त्रीनामांचा दिसतो. सुकन्या ही शर्याती राजाची मुलगी आणि च्यवन ऋषींची पत्नी, सुभद्रा ही कृष्णाची बहीण आणि अभिमन्यूची आई, सुजाता ही गौतमाला बोधिप्राप्तीपूर्वी खीर देणारी, इथवर सारे सरळ आहे. पण ‘सरयू’ ही नदी आहे, आणि एकदा नदी यादीत आली की ‘शारदा’ आणि ‘सावित्री’ यांच्याविषयीही प्रश्न उभा राहतो. शारदा म्हणजे सरस्वती हे खरे, परंतु उत्तराखंड आणि उत्तर प्रदेशातून वाहणाऱ्या नदीचेही ते नाव आहे, आणि उत्तराखंडातली सरयू याच शारदेच्या वरच्या प्रवाहाला पंचेश्वर येथे मिळते. सावित्री म्हटल्यावर सत्यवानाची सावित्री आठवणे स्वाभाविक आहे. तरी महाबळेश्वरला उगम पावून महाडवरून बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळणारी आपली सावित्री नदी कोकणातल्या वाचकाला आधी आठवली, तर त्याचे काय चुकले? नौकेचे नाव पुराणातून घेतले की नकाशातून, याचा उलगडा नुसत्या नावावरून होत नाही. तो नाव देणाऱ्यांनीच करायचा असतो आणि बातमीदाराने त्यांना विचारायचा असतो.

या सातही नावांचे इंग्रजी आद्याक्षर एकच आहे, हेही येथे नोंदवावेसे वाटते. देवनागरीत मात्र ‘शारदा’ श ने सुरू होते आणि बाकीच्या सहा जणी स ने. एका वर्गातील नौकांची नावे एकाच अक्षराने सुरू करण्याचा प्रघात चांगला असला, तरी ते अक्षर रोमन लिपीतून पाहिले जाते, हे या एका नावावरून दिसते. ही तक्रार नाही. पण नाव कानाने ऐकण्याऐवजी इंग्रजी पत्रकावरून वाचून देवनागरीत उतरवण्याची आपल्या वृत्तपत्रांची सवय त्याच वाटेने जाते, आणि तिच्याविषयी पुढे लिहिणार आहे.

या नावांतील सर्वांत सुरस हकीकत ‘सरयू’ची आहे. ही नौका २००० साली श्रीलंकेच्या नौदलाला देण्यात आली आणि तिथे तिचे नाव ‘सयुरा’ झाले. सिंहलीत सयुरा म्हणजे समुद्र. दोन अक्षरांची जागा बदलून नदीचा समुद्र करणाऱ्या त्या अज्ञात अधिकाऱ्याच्या भाषाज्ञानाला दाद द्यावी तेवढी थोडी आहे. जुन्या नावाचा ध्वनी राखला गेला, नवे नाव त्या देशाच्या भाषेतले झाले आणि अर्थाच्या दृष्टीने नदीने जिथे जायचे तिथेच ती गेली. पुढे रिकामे झालेले ‘सरयू’ हे नाव गोव्यात बांधलेल्या नव्या गस्ती नौकेला मिळाले आणि ती जानेवारी २०१३ मध्ये नौदलात आली. मराठीत या नदीला आपण पिढ्यानपिढ्या शरयू म्हणत आलो आहोत. नौकेच्या बातमीत कोणते रूप छापावे, याबद्दल मतभेद होऊ शकतील. माझ्या मते नौकेचे नाव ‘सरयू’ ठेवावे आणि नदीचा उल्लेख करताना ‘शरयू’ लिहावे. पण एकाच बातमीत मथळ्यात एक आणि मजकुरात दुसरे, असे तरी होऊ नये.

नव्या ‘सरयू’च्या पाठोपाठ ‘सुनयना’, ‘सुमेधा’ आणि ‘सुमित्रा’ आल्या. या चारही नौका वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधल्या गेल्या असून प्रत्येकीची लांबी सुमारे १०५ मीटर आहे. सुमित्रा ही लक्ष्मण आणि शत्रुघ्न यांची आई हे सर्वांना माहीत आहे. सुनयना हे तुलसीदासांच्या परंपरेत सीतेच्या आईचे नाव आहे, हे मात्र महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असते, कारण वाल्मीकींकडे ते सापडत नाही. अयोध्येची नदी, अयोध्येची राणी आणि मिथिलेची राणी अशी तीन नावे एका वर्गात यावीत, हे योजून झाले असेल किंवा योगायोगानेही. चौथी ‘सुमेधा’ या कुळात बसत नाही. उत्तम बुद्धीची असा तिचा अर्थ आहे आणि थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्खुणींच्या पाली काव्यसंग्रहात, या नावाची एक भिक्खुणी आहे. समुद्रावर सतत नजर ठेवायचे काम करणाऱ्या नौकेला ‘सुनयना’ म्हणणारा माणूस रसिक असला पाहिजे, एवढे नक्की.

या नौकांनी काय केले ते आपल्या दैनिकात वेळोवेळी आले आहे. २०१५ साली ‘सुमित्रा’ने युद्धग्रस्त येमेनमधील एडनहून भारतीयांना बाहेर काढले, २०२३ साली ‘सुमेधा’ने सुदानमधून जेद्दाहला नेले, जानेवारी २०२४ मध्ये ‘सुमित्रा’नेच इराणी मासेमारी नौकेवरील १९ पाकिस्तानी खलाशांची सोमाली चाच्यांच्या तावडीतून सुटका केली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ‘कोलकाता’ व ‘सुभद्रा’ यांच्या कारवाईत ‘रुएन’ या मालवाहू जहाजावरील ३५ चाचे शरण आले. परक्या देशाच्या खलाशांना सोडवणारीचे नाव ‘सुमित्रा’ असावे, किंवा गांडीवधारी अर्जुनाच्या पत्नीचे नाव असलेल्या ‘सुभद्रे’वरून २००० साली ‘धनुष’ क्षेपणास्त्राची चाचणी व्हावी, या गोष्टी वाचकाच्या मनात राहतात. बातमीदाराला त्या एका वाक्यात सांगता आल्या असत्या.

तटरक्षक दलाच्या नौकांबाबत तर ही उणीव अधिकच खटकते, कारण तेथे नावामागे प्रत्यक्ष इतिहासातील व्यक्ती उभ्या आहेत. या दलाने आपल्या लहान गस्ती नौकांना जिजाबाई, चांदबीबी, ताराबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई यांची नावे दिली. पुढे गोव्यात बांधलेल्या मालिकेत सरोजिनी नायडू, दुर्गाबाई देशमुख, कस्तुरबा गांधी आणि सावित्रीबाई फुले यांची नावे आली. आणि विशाखापट्टणमला बांधलेल्या पाच नौकांना राणी अब्बक्का, राणी अवंतीबाई, राणी दुर्गावती, राणी गाइदिन्ल्यू आणि राणी रासमणी यांची. १५९५-९६च्या मोगल वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी आपल्याला परकी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांशी झुंजलेली उळ्ळालची अब्बक्का किनाऱ्याचे रक्षण करणाऱ्या नौकेला किती शोभते, हे वेगळे सांगायला नको. रासमणीची निवड मला सर्वांत मार्मिक वाटते. कंपनी सरकारने गंगेतील मासेमारीवर कर बसवला तेव्हा या बंगाली जमीनदारणीने नदीचा पट्टा स्वतःच भाड्याने घेऊन तिथे लोखंडी साखळ्या ताणल्या, जहाजांची ये-जा अडवली आणि अखेर कोळ्यांवरचा तो कर मागे घ्यायला लावला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. मच्छीमारांच्या मदतीला धावणाऱ्या दलाच्या नौकेला याहून योग्य नाव कोणते? पण बातमीत ‘आयसीजीएस (भारतीय तटरक्षक दलाची नौका) राणी रासमणी’ एवढेच आले, तर आपल्या वाचकाला ती कुठल्या तरी संस्थानाची राणी वाटून जाते.

आता लेखनाविषयी. ‘सुनयना’ऐवजी ‘सुनैना’, ‘सावित्री’ऐवजी ‘सावित्रि’ अशी रूपे छापलेली मी पाहिली आहेत. पाणबुडीच्या बाबतीत तर अलिबागजवळच्या थळसमोर समुद्रात उभ्या असलेल्या खांदेरी किल्ल्याच्या नावाची ‘खंदेरी’ सर्रास होते. नौदलाचे पत्रक इंग्रजीत येते हे मान्य, तरी ज्या किल्ल्याचे नाव अलिबागच्या शाळकरी पोरालाही नीट उच्चारता येते, ते मराठी वृत्तपत्राने रोमन स्पेलिंगवरून का ठरवावे? जाता जाता लिंगाचीही सुसंगती पाळावी. ‘युद्धनौका दाखल झाली’ असे एका परिच्छेदात आणि तिच्याचविषयी ‘ते परतले’ असे दुसऱ्यात येते. नौका म्हटले की शेवटपर्यंत स्त्रीलिंग आणि जहाज म्हटले की नपुंसकलिंग, एवढा साधा नियम पुरे आहे.

मार्च २०२३ मध्ये नव्या पिढीच्या ११ गस्ती नौकांचे करार झाले असून त्यांपैकी सात गोवा शिपयार्डमध्ये आणि चार कोलकात्याच्या गोदीत बांधायचे ठरले. नाव मिळेपर्यंत अशा नौकेची ओळख गोदीतल्या बांधणी-क्रमांकाने असते आणि जलावतरणाच्या समारंभात ते जाहीर होते. वास्कोच्या समारंभाला आपला प्रतिनिधी जाईल तेव्हा त्याने नावाचे देवनागरी रूप आणि ते निवडण्याचे कारण अधिकाऱ्यांकडून लिहून घ्यावे, आणि बातमीच्या शेवटी चार ओळींच्या चौकटीत ते छापावे, अशी विनंती आहे. नाव नदीचे असेल तर नदी कोणती, एवढेही त्यात असावे. पूर्वीच्या नौकांसाठी अशीच चौकट रविवारच्या पुरवणीत देता आली, तर तिची सुरुवात ‘सावित्री’पासून करावी.

आपला,
एक वाचक, महाड