‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह परत आलेल्या व्हॅरिओमीटरबाबत तक्रार

स्थळ : पुणे

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
ग्लायडर उपकरणे उत्पादक कंपनी
(भारतातील अधिकृत विक्रेत्यांमार्फत)

विषय : वॉरंटीतील व्हॅरिओमीटरची न झालेली दुरुस्ती, चुकीची चाचणी व चुकीची कागदपत्रे

महोदय,

आमच्या ग्लायडरच्या पॅनेलवरचा ५७ मिमीचा इलेक्ट्रिक व्हॅरिओमीटर (ग्लायडर किती वेगाने वर चढतो किंवा खाली उतरतो ते दाखवणारे उपकरण) वॉरंटीच्या मुदतीत आपल्या कारखान्यात पाठवला होता. सोबत दोन दोष लेखी कळवले होते. पहिला, उपकरण तापले की ग्लायडर जमिनीवर उभा असतानाही काटा क्लाइंब, म्हणजे वर चढणे, दाखवतो. दुसरा, रेडिओचे बटण दाबताच उपकरण रीसेट होते. ‘चाचणी केली, दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन ते परत आले. दोन्ही दोष जसेच्या तसे आहेत. त्याच पेटीत बसवलेला उड्डाण-नोंदक मात्र आधी ठीक होता, तो आता चुकीची तारीख लिहितो.

उपकरण बिघडते याची आमची तक्रार नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, बिघडणारच. तक्रार आहे ती चाचणीबद्दल, म्हणून आधी तिच्याकडेच येतो.

आपल्या अहवालात चार ओळी आहेत. त्यांनुसार तंत्रज्ञांनी टीई पोर्टला (व्हॅरिओला बाहेरच्या हवेचा दाब पोचवणाऱ्या ‘टोटल एनर्जी’ नळीच्या जोडाला) आखूड नळी लावून तिचे दुसरे टोक बंद केले, उपकरण २० मिनिटांत २५ अंशांवरून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले आणि निरीक्षण नोंदवले : ‘आरंभी सुमारे ०.५ मी/से सिंक (खाली उतरणे), पुढे हळूहळू शून्य. उपकरण स्थिर.’ उपकरण सदोष असल्याचा पुरावा याच ओळीत आहे.

बंद नळीतली हवा तापली की तिचा दाब वाढतो, आणि वाढता दाब म्हणजे व्हॅरिओच्या लेखी खाली उतरणे. गणित सोपे आहे. कोंडलेली हवा १ अंशाने तापली की उपकरणाला सुमारे २९ मीटर खाली आल्यासारखे वाटते, मग कारखाना समुद्रसपाटीला असो की डोंगरावर. २० मिनिटांत २० अंश म्हणजे मिनिटाला १ अंश, म्हणजे जवळपास ०.५ मी/से खोटा सिंक. निर्दोष उपकरणाने चाचणीभर हाच सिंक दाखवायला हवा होता आणि तापवणे थांबल्यावरच शून्यावर यायला हवे होते. आपल्या चाचणीत तापवणे चालू असतानाच काटा शून्यावर आला. याचा अर्थ ४५ अंशांना उपकरण स्वतःहून सुमारे ०.५ मी/से क्लाइंब दाखवत होते. दोन चुका एकमेकींत वजा झाल्या आणि त्या वजाबाकीला ‘स्थिर’ हे नाव मिळाले. ४५ अंशांवर तापमान धरून आणखी दहा मिनिटे वाट पाहिली असती, तरी काटा वर गेलेला दिसला असता.

आमची मोजणी उघड्या पोर्टवर केलेली आहे. उपकरण पॅनेलमधून काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले, सर्व पोर्टना नळ्या जोडून त्यांची टोके हँगरच्या हवेत मोकळी सोडली, दारे बंद ठेवली आणि खोके बल्बने हळूहळू तापवले. प्रत्येक टप्प्यावर तापमान स्थिरावल्यावरच वाचन घेतले. २५ अंशांना ०.०, ३५ अंशांना +०.२ आणि ४५ अंशांना +०.५ मी/से. शेजारीच फ्लास्क (जुन्या पद्धतीच्या व्हॅरिओला लागणारी हवेची बाटली) जोडलेला यांत्रिक व्हॅरिओ खोक्याबाहेर ठेवला होता. त्याचा काटा पूर्ण वेळ शून्यावर होता, तेव्हा हवेचा दाब बदलत असल्याची शंका उरत नाही. तापमान टिकून असेपर्यंत चूकही टिकून राहते, यावरून दोष नळ्यांत नसून दाबाच्या सिग्नलवरून दर काढणाऱ्या सर्किटच्या शून्यबिंदूत आहे असे आमचे मत आहे. आपल्या माहितीपुस्तिकेतील आकृतीप्रमाणे हे सर्किट अ‍ॅनालॉग आहे, आणि अशा सर्किटचा शून्यबिंदू तापमानाबरोबर सरकणे ही काही नवलाची गोष्ट नाही. त्याची भरपाई कारखान्यातच जुळवायची असते.

‘नळ्यांत गळती असेल’ हे उत्तर पुढे येईल, म्हणून तेही सांगून ठेवतो. टीईच्या नळीला टी-जोड, सिरिंज आणि पाण्याची यू-नळी लावून १०८ मिमी पाण्याइतकी ओढ दिली. समुद्रसपाटीच्या हवेत १५० किमी/तास वेगाला जेवढा गतिक दाब असतो तेवढीच ही ओढ आहे. मिनिटभरात पाणी २ मिमीपेक्षाही कमी सरकले. ही चाचणी सूर्यास्तानंतर केली, कारण नळ्यांवर ऊन असेल तर १ अंशाच्या फरकानेही पाणी ३० मिमी हलू शकते आणि नसलेली गळती दिसते किंवा असलेली झाकली जाते. सिरिंजचा दट्ट्याही अगदी सावकाश ओढला. झटका दिला की व्हॅरिओचा काटा टोकाला जाऊन आदळतो आणि संवेदकालाही इजा होऊ शकते.

अर्धा मीटर म्हणजे फार नाही, असे आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सांगितले. मार्च ते मे या काळात ग्लायडर ग्रिडवर, म्हणजे टेकऑफच्या रांगेत, उभा असताना बंद कॅनपीखाली पॅनेलमागचे तापमान सहज पन्नाशी ओलांडते. टेकऑफनंतरच्या पहिल्या थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात), उंची सर्वांत कमी असताना, व्हॅरिओ सर्वांत जास्त खोटे बोलतो. जिथे प्रत्यक्षात काहीच मिळत नाही तिथे +०.५ दिसते आणि पायलट घिरट्या घालत राहतो. थर्मलमधून बाहेर पडल्यावर वेग सुचवणारा निर्देशकही हाच आकडा वापरतो, त्यामुळे सिंकमधून जाताना तो हवा तेवढा वेग सांगत नाही.

दुसरा दोष रीसेटचा. ‘बॅटरी कमजोर असावी’ हे आपले उत्तर. बॅटरी १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. उपकरणाच्या कनेक्टरवरच मोजले, तर रेडिओ प्रसारित करताना व्होल्टेज १३.१ वरून १२.६ वर येते. आपली पुस्तिका ९ ते १६ व्होल्टची हमी देते. तरीही व्हॅरिओला पूर्ण वेगळी बॅटरी दिली, तिचा ऋण वायरही रेडिओशी जोडला नाही. रीसेट होतच राहिला. मग अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (लहरी बाहेर न सोडता रेडिओची शक्ती पचवणारा रोध) लावला. रेडिओ तेवढाच विद्युतप्रवाह घेत होता, पण रीसेट थांबला. (हा प्रयोग कोणी करणार असेल तर एक सूचना : अँटेना आणि लोड दोन्ही नसताना प्रसारणाचे बटण दाबू नये, रेडिओचा शेवटचा टप्पा जळू शकतो.) म्हणजे प्रश्न व्होल्टेजचा नाही, अँटेनातून बाहेर पडणाऱ्या लहरींचा आहे. अँटेना परत जोडून स्पीकरची वायर सोडवली की रीसेट होत नाही. वायर ठेवून तिचे तीन वेढे फेराइट कड्यातून घेतले की तो क्वचितच होतो. लहरी स्पीकरच्या वायरीतून आत शिरतात, एवढे यावरून स्पष्ट आहे. त्यांना अडवणारे फिल्टर पेटीच्या आत, सॉकेटपाशी हवे. पेटी आम्ही उघडलेली नाही, कारण वॉरंटी जाईल आणि नोंदकाची सुरक्षा-मोहरही तुटेल.

रीसेट झाल्यावर मॅकक्रेडी सेटिंग (पुढच्या थर्मलमध्ये किती क्लाइंब मिळेल याचा पायलटने भरलेला अंदाज) शून्य होते आणि क्यूएनएच (उंची मोजण्यासाठी भरायचा समुद्रसपाटीचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये) १०१३ वर जाते. मे महिन्यात क्यूएनएच १००५ असेल, तर उंची प्रत्यक्षापेक्षा सुमारे ६५ मीटर जास्त दिसू लागते. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला! ३० चा ग्लाइड रेशो (१ मीटर उंचीत ३० मीटर अंतर) धरला तर फायनल ग्लाइडमध्ये, म्हणजे धावपट्टीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात, ती जवळपास २ किलोमीटर होते. आणि रेडिओचे बटण दाबायची वेळ येते ती धावपट्टीजवळ पोचल्यावरच. रीसेटनंतर आधीचा क्यूएनएच स्मृतीतून परत घेणे ही सॉफ्टवेअरमधली किरकोळ दुरुस्ती आहे. फिल्टर बसेल तेव्हा बसो, निदान एवढे तरी लगेच करता येईल.

उड्डाण-नोंदकाची तारीख आता बरोबर १०२४ आठवडे मागे आहे, म्हणजे सुमारे १९ वर्षे ७ महिने. जीपीएसचा जुना संदेश आठवड्याचा क्रमांक १० बिटमध्ये पाठवतो, तो १०२३ नंतर पुन्हा शून्य होतो, आणि खरे वर्ष कोणते हे जीपीएस मॉड्यूलच्या फर्मवेअरला ठरवावे लागते. स्थान आणि वेळ अचूक, तारीख तेवढी चुकलेली, यावरून आपल्याकडे मॉड्यूल बदलून जुन्या साठ्यातले बसवले असावे असा अंदाज आहे. अहवालात मॉड्यूल बदलल्याचा उल्लेख नाही. आयजीसी फाइलमधली (नोंदकाने लिहिलेल्या उड्डाणाच्या नोंदीतली) तारीख हाताने सुधारली तर डिजिटल स्वाक्षरी जुळत नाही, त्यामुळे या नोंदी बॅज किंवा विक्रमाच्या दाव्यासाठी निरुपयोगी आहेत. दाब-उंचीचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्रही परत आलेले नाही.

राहिली कागदपत्रे. पाठवताना आम्ही अनुक्रमांक आणि ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असे स्पष्ट लिहिले होते. परतीच्या इन्व्हॉइसवर अनुक्रमांक नाही, ‘दुरुस्त’ हा शब्द नाही आणि किंमत नव्या उपकरणाची लावली आहे. साहजिकच सीमाशुल्क विभागाने माल नवा धरला. आत लिथियम-आयन बॅटरी असूनही खोक्यावर यूएन ३४८१ चे (उपकरणातील लिथियम-आयन बॅटरीचे) लेबल नव्हते, त्यामुळे कुरिअरने माल रोखून धरला तो वेगळाच.

आमच्या मागण्या अशा. शून्यबिंदूची चाचणी उघड्या पोर्टवर, २५, ३५, ४५ आणि ५५ अंशांना तापमान स्थिरावल्यावर करावी आणि वाचने आकड्यांत द्यावीत. रीसेटची चाचणी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या रेडिओशेजारी, स्पीकरची वायर जोडून करावी. तारीख बरोबर लिहिणारे मॉड्यूल, नवी मोहर आणि नवे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र द्यावे. काय बदलले याची यादी अहवालात असावी. जाण्या-येण्याचा खर्च आणि जास्तीचे भरावे लागलेले सीमाशुल्क आपण सोसावे. दोष काढता येत नसेल तर तसे लिहून कळवावे आणि रक्कम परत करावी. दुरुस्तीच्या काळात पर्यायी उपकरण मिळाल्यास हंगाम वाया जाणार नाही. ते जुन्या मॉडेलचे असले तरी चालेल.

मागच्या वेळी आपण भरायला पाठवलेल्या अर्जात फ्लास्कचा आकार विचारला होता. आमच्या मॉडेलला फ्लास्क लागतच नाही. या वेळी अर्ज योग्य मॉडेलचा पाठवावा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये विक्रेते आणि उत्पादक अशा दोघांविरुद्ध तक्रार दाखल करावी लागेल. विक्रेत्यांनी आजवर प्रत्येक पत्राला वेळेवर उत्तर दिले आहे, त्यांना यात ओढण्याची आमची इच्छा नाही.

आपले,
उपकरण देखभाल गट

सोबत : तापमान-वाचनांचा तक्ता, रीसेटच्या प्रयोगांचे जोडणी-चित्र, चुकीच्या तारखेची आयजीसी फाइल, आपल्या अहवालाची व परतीच्या इन्व्हॉइसची प्रत, सीमाशुल्क भरल्याची पावती.