चि. ताईस, मशीन जोडण्याआधी

भांडी बाजार, नाशिक

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

गंगापूर रोडच्या गाळ्यात फळ्या लागल्या, कॉम्प्युटर बसला, हे ऐकून तुझी आई दिवसभर खुशीत आहे. मीही आहे. पण कार्डाच्या मशीनचं बोलणं निघालं तेव्हा तू म्हणालीस, "सोमवारी बँकेचा माणूस येईल नि लावून जाईल." ते माझ्या मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. तो माणूस मशीन चालू करून देईल. दुकानाला जोडायचं काम तुझं आहे.

आपल्या भांड्यांच्या दुकानात मशीन आलं नोटाबंदीनंतर, २०१६ च्या डिसेंबरात. बिल कॉम्प्युटरवर निघायचं आणि रक्कम मशीनवर हातानं दाबायची, अशी दोन वेगळी कामं. त्यातच एका धनत्रयोदशीला, गर्दी दारापर्यंत असताना, ४,८५० च्या बिलाला ४८५ घासले गेले. स्लिप निघाली, गिऱ्हाइकानं सही केली, माल पिशवीत गेला. रात्री रोजमेळ लिहिताना फरक दिसला. गिऱ्हाईक कोण, कुठलं, काही माहीत नव्हतं. गल्ल्यावरच्या पोरानं मुद्दाम केलं नव्हतं, एक शून्य राहिलं इतकंच. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: रक्कम एकदाच टाकली जावी, बिलात. मशीननं ती तिथूनच उचलावी.

म्हणून मशीन घेण्याआधी तुझ्या बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला विचार, त्याचं सॉफ्टवेअर कोणकोणत्या मशीनशी बोलतं. उलट्या क्रमानं गेलीस तर मशीन एका कंपनीचं, सॉफ्टवेअर दुसरीचं, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. जोडणी वायरनं होते, नाहीतर इंटरनेटवरून. बँक तुला मर्चंट आयडी (दुकानाचा क्रमांक) आणि टर्मिनल आयडी (मशीनचा क्रमांक) देईल. ते आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरताना कागद समोर ठेवून, बोट फिरवून तपास. कागदपत्रं नेहमीचीच: पॅन, जीएसटीचं प्रमाणपत्र, दुकानाच्या नोंदणीचा कागद, चालू खात्याचा रद्द केलेला चेक. दुकानाचं नाव मात्र पाटीवर आहे तेच भरायला सांग. गिऱ्हाइकाच्या महिन्याच्या हिशेबात भलतंच नाव छापून आलं की ते म्हणतं, मी इथे कधी गेलोच नव्हतो, आणि बँकेकडे तक्रार जाते.

आपल्या धंद्याची एक गोष्ट सॉफ्टवेअरवाल्याला बहुतेक माहीत नसेल. गिऱ्हाईक जुनी घागर मोडीत देतं, आपण ती तोलून किंमत वजा करतो, राहिलेल्यातले पाच हजार ते कार्डावर देतं आणि वरचे रोख. एका बिलाचे असे तीन तुकडे पडतात. ते त्याला समोर बसवून करून दाखवायला लाव. "नंतर अपडेटमध्ये येईल" यावर थांबू नकोस. हे जमलं नाही तर पोरं पुन्हा रक्कम हातानं मारायला लागतील आणि जोडणीचा उपयोग राहणार नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते.

२०१८ च्या लग्नसराईत निफाडकडचं एक कुटुंब आलं होतं. मुलीच्या लग्नाला तांब्याचा हंडा, पितळी समयांची जोडी, परात, असं साडेअकरा हजारांचं बिल. त्या गृहस्थांनी डेबिट कार्ड दिलं, पिन दाबला. मशीन थांबलं, थांबलं, आणि "प्रतिसाद नाही" दाखवून गप्प झालं. स्लिप नाही. तेवढ्यात त्यांच्या फोनवर मेसेज आला, पैसे कापले गेले. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. मी म्हणालो, "तुमचे कापले असतील, आमच्याकडे आलेले नाहीत." त्यांची बायको हंड्याच्या काठावर हात ठेवून उभी होती. तो हात तिनं काढून घेतला, ते मला अजून दिसतं. खात्यात दुसरे पैसे नव्हते. गृहस्थ बाहेर गेले, कुठल्या नातेवाइकाकडून रोख घेऊन तासाभरानं परत आले आणि माल घेऊन गेले. अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला, पैसे खात्यात परत जमा झाले म्हणून. कळवायला हवं म्हणून केला, असं म्हणाले. पुन्हा दुकानात आले नाहीत.

मी खोटं बोललो नव्हतो, पण त्या माणसाला एकट्याला सोडलं. त्यांना चिठ्ठी लिहून द्यायला हवी होती, दुकानाचा शिक्का मारून: तारीख, वेळ, रक्कम, टर्मिनल आयडी, "आम्हाला स्लिप मिळालेली नाही." ती घेऊन ते आपल्या बँकेत ताठ मानेनं गेले असते. आपणही त्यांच्यासमोर आपल्या बँकेला फोन लावायला हवा होता.

पुढे २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनं नियमच केला. कार्डातून पैसे कापले गेले आणि दुकानात स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत गेले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम मोठ्या अक्षरांत छापून गल्ल्यामागे लाव, गिऱ्हाइकाला दिसेल असा.

आणि पोरांना शिकव: मशीन अडकलं की लगेच दुसऱ्यांदा कार्ड मारायचं नाही. आधी सॉफ्टवेअरमध्ये व्यवहाराची स्थिती बघायची, मग मशीनवर शेवटची स्लिप पुन्हा काढून बघायची. मंजुरी आली असेल तर स्लिपवर मंजुरीचा कोड आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. दोन्हीकडे काहीच नसेल, तरच दुसऱ्यांदा कार्ड मारण्याचं बोलायचं. सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग नीट बघ, मंजुरी आल्याशिवाय बिल "भरलं" म्हणून बंद होता कामा नये. काही ठिकाणी ते आपोआप रोखीत टाकलं जातं आणि रात्री गल्ल्यात नसलेली रोख शोधत बसावं लागतं.

हिशेबाचं बोलतो. १०,००० रुपयांचं बिल क्रेडिट कार्डावर झालं आणि बँकेचा दर १.८ टक्के असला, तर १८० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ३२ रुपये ४० पैसे. दुसऱ्या दिवशी खात्यात पडतात ९,७८७ रुपये ६० पैसे. विक्री मात्र १०,०००च लिहायची, शुल्क खर्चात. जे जमा झालं तीच विक्री धरलीस तर जीएसटीच्या विवरणात आकडे जुळणार नाहीत. शुल्कावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, आपल्याला मिळतं, त्याचं बिल बँकेकडून दर महिन्याला मागून घे. रुपे डेबिट कार्डावर आणि बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. बाकी डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, क्रेडिट कार्डाला नाही, तिथे दर बोलून ठरतो. तेव्हा बोल. बाहेरच्या देशातल्या कार्डांचा दर वेगळा विचार, २०२७ च्या सिंहस्थात तशी गिऱ्हाइकं येतील.

हे दोन टक्के गिऱ्हाइकाच्या बिलावर चढवू नकोस. बाजारात पुष्कळजण चढवतात, मला माहीत आहे. बँकेच्या करारात ते चालत नाही. आणि ज्यानं भाव विचारून वस्तू उचलली, त्याला पैसे देताना वेगळा भाव सांगणं मला पटत नाही.

तसंच, कोणी ओळखीचा येऊन म्हणेल, क्रेडिट कार्ड घासून मला रोख द्या. नाही म्हण, भले तुझा काका असो. मशीन बंद होतं आणि खात्याची चौकशी लागते.

स्लिपांवरचे आकडे उष्णतेनं उडतात, वर्षभरात कागद कोरा होतो. आपल्या २०१९ च्या पुरात खालच्या फडताळात भिजल्या, त्या तर एकमेकींना चिकटून लगदा झाल्या. रोज रात्री मशीनचं सेटलमेंट केलंस, म्हणजे दिवसाचे व्यवहार बँकेकडे पाठवून बंद केलेस, की त्याच्या अहवालाचा फोटो काढून ठेव. चुकून घासलेलं बिल सेटलमेंटच्या आधीच व्हॉइड, म्हणजे रद्द, करायचं, नंतर रिफंड करावा लागतो आणि गिऱ्हाइकाला दिवस मोजत बसावं लागतं. मशीनला वायफाय आणि सिमकार्ड दोन्ही असू दे.

सोमवारी जोडणी झाली की बुधवारी मी येतो. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून आईची भाजी घेऊन अकरापर्यंत पोचेन. दहा रुपयांचं बिल माझ्या कार्डावर करायचं, मग व्हॉइड. नंतर पुन्हा एकदा दहा रुपयांचं, आणि मी पिन दाबत असताना तू हळूच वायफाय बंद करून सिमही काढून ठेवायचं. गल्ल्यावरच्या पोराला आधी काही सांगू नकोस. तो मला काय म्हणतो, ते मला ऐकायचं आहे.

तुझे,
बाबा