रोथेनबुर्गला जाऊन आलो

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुला सुट्टी मिळाली नाही पण आम्ही दोघं जर्मनीतल्या रोथेनबुर्गला नीट जाऊन आलो, न्यूरेंबर्गहून आन्सबाख मग श्टाइनाख अशा गाड्या बदलत, बाबा प्रत्येक प्लॅटफॉर्मवर तीनतीनदा बोर्ड वाचत होते ते जाऊदे.

गाव खरंच चित्रातल्यासारखं आहे रे, उतरत्या कौलांची लाकडी चौकटीची घरं आणि भोवती तटबंदी, वर छप्पर असलेली वाट आहे तिच्यावरून चालता येतं. १६३१ ला कॅथलिक-प्रोटेस्टंटांच्या तीस वर्षांच्या युद्धात कॅथलिकांचा सेनापती टिली याच्या सैन्याने गाव घेतलं, पुढे पार गरिबी आली, जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता म्हणून सगळं तसंच राहिलं. पुण्यात पैसा आला आणि वाडे गेले, इथे उलटं!

पण सगळंच जुनं नाहीये बरं का. ३१ मार्च १९४५ ला अमेरिकेचे बॉम्ब पडले, पूर्वेकडची तीनशेवर घरं गेली, नंतर परत बांधली तीही जुन्या धाटणीने, मला तर फरक कळलाच नाही. तटबंदीच्या भिंतीत दगडी पाट्या आहेत, नाव आणि किती मीटरचे पैसे दिले ते, जपानी नावंही दिसली, बाबा प्रत्येक वाचत बसले. बाकीचं गाव बचावलं ते मॅक्लॉय म्हणून अमेरिकेच्या युद्धखात्यातले मोठे अधिकारी होते त्यांच्यामुळे, त्यांच्या आईला हे गाव फार आवडलेलं म्हणून त्यांना माहीत होतं, त्यांनी तोफा डागू दिल्या नाहीत. आईचं बोलणं लक्षात ठेवणारी मुलं असतात हो काही!

सेंट जेकब चर्चमधे जिना चढून वर जायला विसरू नकोस. रीमेनश्नायडरने ५०० वर्षांपूर्वी कोरलेली लाकडाची वेदी आहे, शेवटच्या भोजनाचा प्रसंग, आणि मधोमध येशू नाही, त्याला दगा देणारा शिष्य जूडास उभा आहे, हातात पैशाची थैली! रंग अजिबात नाही, मागच्या खिडक्यांतून उजेड येतो त्यात चेहरे नुसते हलल्यासारखे वाटतात. मी तिथून हलेना तर बाबा भुकेने वैतागले.

श्नीबाल खाल्ला, चिरोट्याचा कडक भाऊ, वर पिठीसाखर, माझे चिरोटे बरे.

तू जाशील तेव्हा मुक्कामाला जा, संध्याकाळी टुरिस्ट बसेस निघून गेल्या की गर्दी कमी होते, आणि ८ वाजता चौकातून कंदील घेतलेला रात्रीचा पहारेकरी इंग्रजीत टूर देतो, आमची ती गाडीच्या वेळेमुळे हुकली. बूट मात्र चांगले घाल, रस्ते सगळे दगडांचे आहेत.

आई