विमानतळावर भेटलेल्या दूरसंचार अभियंता महोदयांस

आदरणीय महोदया,
सप्रेम नमस्कार.

परदेशात विमानाची वाट पाहत असताना मोबाईलवर आलेला एक संदेश मी आपणांस दाखवला आणि आपण हातातले काम बाजूला ठेवून त्यामागची यंत्रणा मला समजावून सांगितलीत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपले नाव विचारायचे राहिले, म्हणून ते असे जाहीरपणे लिहावे लागत आहे.

‘परदेशातील व्यवहारामुळे आपले कार्ड स्थगित केले आहे’ असे सांगून एक लिंक उघडण्यास फर्मावणारा तो संदेश बँकेच्या जुन्या, खऱ्या संदेशांच्या रांगेतच येऊन बसला होता. एसएमएसवर दिसणारे नाव म्हणजे जास्तीत जास्त ११ अक्षरांची एक जागा असते, अनेक देशांत पाठवणारा तीत हवे ते भरू शकतो आणि नाव जुळले की फोन खोटा संदेशही खऱ्यांच्या खाली लावून मोकळा होतो, हे आपण सांगितलेत. सिंगापूरने २०२३ पासून अशा नावांची नोंदणी सक्तीची केली आहे. परंतु सीमा ओलांडली की नियम बदलतात आणि आपण नेमके कोणत्या नियमांखाली आहोत, हे प्रवाशाला कोण सांगणार?

त्याहून मोलाची माहिती बनावट टॉवरची. टूजी या जुन्या मोबाईल तंत्रज्ञानात नेटवर्क ग्राहकाची ओळख तपासते, पण फोन नेटवर्कची ओळख तपासत नाही. त्यामुळे गाडीत ठेवलेले एखादे यंत्र टॉवर असल्याचे भासवून आसपासचे फोन टूजीवर ओढून घेते आणि मोबाईल कंपनीच्या तपासणीला वळसा घालून थेट संदेश धाडते. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये टूजी बंद करता येते. ही सोय सेटिंगमध्ये इतकी आत का दडवून ठेवली आहे, हे मात्र मला उमगलेले नाही. आपण ती शोधून दिलीत, तसेच लिंकमधील पत्ता पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या लगेच डावीकडून उलट वाचायला शिकवलेत. बँकेचे नाव होते, पण पत्त्याच्या सुरुवातीला, म्हणजे कोणालाही लिहिता येईल अशा ठिकाणी. कार्डाच्या मागील क्रमांकावर मी आपल्यासमोरच फोन केला. कार्ड चालूच होते.

पुढे मुक्कामाच्या हॉटेलच्या नावाने पैसे मागणारा संदेश आला. त्यात माझे नाव आणि मुक्कामाच्या तारखा अचूक होत्या. आरक्षणाची खाती फोडली जातात, म्हणून अचूक तपशील हा खरेपणाचा पुरावा धरू नये, हे आपले म्हणणे आठवले. निघण्यापूर्वी टिपून ठेवलेल्या क्रमांकावर मी हॉटेलशी बोललो, तेव्हा काहीच देणे नसल्याचे कळले. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याने त्याच संध्याकाळी इतर पाहुण्यांनाही सावध केले. त्याचे श्रेयही आपलेच आहे.

आपला कृतज्ञ,
एक सहप्रवासी